संशय नको असेल तर तपास शिका

धानाचा हंगाम सरत येतो, गोदामं भरतात, चुकारे निघतात आणि मग एखाद्या खरेदी केंद्रावरून बातमी येते की कागदावर आहे तितका माल गोदामात नाही. पुढचं सगळं ठरल्यासारखं घडतं. संचालक मंडळाची तातडीची बैठक बसते. ग्रेडरला बोलावतात, चौकीदाराला बोलावतात, हमालांच्या मुकादमाला तास-दोन तास उभं ठेवतात. संध्याकाळपर्यंत गावाला चोर मिळालेला असतो. बहुतेक वेळा तो असा माणूस असतो, ज्याच्या हाती ना गोदामाची किल्ली होती, ना वही, ना संगणकाचा पासवर्ड.

भंडारा जिल्ह्यातल्या सेवा सहकारी संस्था, खरेदी-विक्री संघ, भात गिरण्या, पतसंस्था आणि मोठी दुकानं यांनी आपल्या माणसांना नोकरांकडून होणारी चोरी आणि पैशांचा अपहार रीतसर तपासायला शिकवावं, असं माझं म्हणणं आहे. ते मांडलं की तीच ती उत्तरं ऐकू येतात. त्यानं संशयाचं वातावरण तयार होईल. हे पोलिसांचं आणि ऑडिटरचं काम आहे. आता सगळं ऑनलाइन झालंय, कॅमेरे बसलेत, कोण कशाला चोरी करेल? आणि सगळ्यात आवडतं उत्तर म्हणजे, चोरी पकडायला शिकवणं म्हणजे चोरी करायलाच शिकवणं. ही उत्तरं देणारी माणसं वाईट नाहीत. पण त्यांच्या उत्तरांची किंमत नेहमी दुसराच कोणी मोजतो, म्हणून ती खोडून काढायला हवीत.

आधी संशयाच्या वातावरणाचं बघू. वरच्या बैठकीत संशय नव्हता का? भरपूर होता. नव्हती ती पद्धत. पद्धत नसलेला संशय उतारावरच्या पाण्यासारखा खाली वाहतो आणि सगळ्यात खालच्या माणसापाशी साचतो. पेशवाईत वाद तुटेना तेव्हा रवादिव्य करायला लावत. उकळत्या तुपा-तेलातून धातूचा तुकडा काढायचा आणि हात भाजला की गुन्हा शाबीत. आज कोणी तसं करत नाही, पण मुकादमाला देवाच्या पायरीवर हात ठेवायला लावणं आणि ‘खरं बोल, नाहीतर पोलिसात देतो’ म्हणून दरडावणं ही त्याच विचाराची धाकटी रूपं आहेत. माणूस घाबरला म्हणजे दोषी, हा त्यामागचा समज. घाबरायला दोषी असावं लागत नाही, गरीब असलं तरी पुरतं.

समजा, एका केंद्रावर कागदोपत्री ६,००० पोत्यांची खरेदी आहे आणि २०० पोत्यांची तूट निघाली. पोत्यात ४० किलो धरले तर ही तूट ८० क्विंटलची. २०२५-२६ च्या हंगामाचा साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता, म्हणजे १ लाख ८९ हजार ५२० रुपयांचा माल. शिकलेला माणूस इथे पहिला प्रश्न ‘कोणी नेली?’ असा विचारत नाही. तो विचारतो, पोती कमी आहेत की वजन कमी आहे?

या एका प्रश्नावर अर्धा तपास अवलंबून असतो. धान १७ टक्के ओलाव्यापर्यंत घेतला जातो. शंभर किलो अशा धानात कोरडा भाग ८३ किलो. गोदामात पडून ओलावा १४ टक्क्यांवर आला, की त्याच धानाचं वजन साडेशहाण्णव किलोच्या आसपास भरतं. साडेतीन टक्के घट कोणीही हात न लावता होते. ६,००० पोत्यांवर साडेतीन टक्के म्हणजे २१० पोत्यांइतकं वजन. म्हणजे पोती पूर्ण भरली आणि फक्त वजन कमी आलं, तर ज्याला चोर म्हणायचं तो हवेतला कोरडेपणाही असू शकतो. मात्र धान वाळल्यानं पोतं नाहीसं होत नाही. पोत्यांची संख्याच कमी असेल तर घटीचा बहाणा चालणार नाही.

तर संख्याच कमी आहे असं धरू. मग दोनच शक्यता उरतात. पोती आली आणि गेली, किंवा आलीच नव्हती. इथे बारदान्याची नोंदवही काढायची. केंद्राला किती रिकामी पोती मिळाली, किती शिल्लक आहेत, फाटकी किती गेली. वापर ५,८०० चा निघाला आणि खरेदी ६,००० ची दाखवलेली असेल, तर ती २०० पोती कधी भरलीच गेली नाहीत. धान घेतल्याचं फक्त लिहिलं गेलं. मग हमालीचा पगारपट काढायचा. हमालांना पोत्यामागे पैसे मिळतात आणि आपल्या मजुरीचा हिशेब ते चोख ठेवतात. त्यांनी ५,८०० पोत्यांची हमाली घेतली असेल, तर ज्या माणसाला उभं करून दरडावलं त्याच्याच मजुरीचा कागद त्याला निर्दोष ठरवतो. आणि तोच कागद तपासाचं तोंड दुसरीकडे वळवतो. या २०० पोत्यांच्या नोंदी कोणत्या शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावर पडल्या, त्या सातबाऱ्यावर धान किती क्षेत्रात होता, एकराला पिकेल त्याहून जास्त माल विकलेला दिसतो का, चुकाऱ्याची रक्कम खात्यात जमा झाल्यावर लगेच कोणी काढून नेली, त्या वेळी केंद्राच्या संगणकावर कोणाच्या नावानं काम चालू होतं. व्यापाऱ्याचा स्वस्तात घेतलेला धान शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर चढवायचा, हा प्रकार झाडीपट्टीत कोणाला नवा नाही. प्रश्न तो कागदावर पकडता येतो का, हा आहे. येतो, आणि त्यासाठी कोणाला दरडावावं लागत नाही.

पोती खरोखर आली आणि गेली असतील तर वाहन लागलं असणार. वाहन म्हटलं की वजनकाट्याची पावती, गेटची नोंद आणि गाडीचा क्रमांक. बिहारच्या चारा घोटाळ्यात जनावरं आणि चारा ज्या ‘ट्रक’नी वाहिल्याचं बिलांवर लिहिलं होतं, त्यातल्या काहींचे क्रमांक परिवहन कार्यालयाच्या नोंदीत स्कूटरचे निघाले. हे शोधायला विज्ञानाची प्रयोगशाळा लागली नाही. बिलावरचा क्रमांक दुसऱ्या कार्यालयाच्या वहीशी ताडून पाहावा, एवढं सुचायला लागलं. जानेवारी १९९६ मध्ये चाईबासाचे उपायुक्त अमित खरे यांनी पशुसंवर्धन खात्याची बिलं तपासायला घेतली आणि वर्षानुवर्षं चाललेला प्रकार उघडा पडू लागला.

एकानं लिहिलेला कागद दुसऱ्यानं स्वतंत्रपणे लिहिलेल्या कागदाशी ताडायचा, हा या विद्येचा गाभा आहे. पतसंस्थेत तो आणखी सोपा आहे. दैनिक बचतीचा एजंट दुकानदाराच्या पासबुकात शंभर रुपये लिहितो आणि संस्थेत साठच भरतो. कोणी पैसे परत मागितले, की याची टोपी त्याला करून भागवतो. संस्थेची रोजकीर्द आणि खतावणी एकमेकींशी तंतोतंत जुळतात, कारण दोन्हींत साठच आहेत. पुस्तकं पुस्तकांशी ताडणाऱ्या ऑडिटरला काही दिसत नाही. दिसतं ते पासबुकं गोळा करून खतावणीशी ताडणाऱ्याला. आणि दिसतं ते त्या एजंटला पंधरा दिवस सुटीवर पाठवून त्याच्या वाटेवर दुसऱ्या माणसाला फिरवलं की. जो कर्मचारी वर्षानुवर्षं सुटीच घेत नाही, त्याचं आपण आमसभेत कौतुक करतो. कौतुक जरूर करावं, पण त्याला सुटीही द्यावी.

आता पोलीस आणि ऑडिटर. त्यांचं काम त्यांनीच करावं, याबद्दल वाद नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८१ नुसार लेखापरीक्षणात अपहार आढळला तर लेखापरीक्षकानंच विशेष अहवाल देऊन गुन्हा नोंदवायचा आहे. कलम ८३ खाली चौकशी होते, कलम ८८ खाली नुकसानीची जबाबदारी ठरते. कायदा अपुरा नाही. पण कायद्याचा हात पोचतो तेव्हा काय उरलेलं असतं? शेजारच्या नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचं उदाहरण विदर्भातल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. २००१-०२ मध्ये बँकेचे सुमारे दीडशे कोटी रुपये सरकारी रोख्यांच्या खरेदीसाठी होम ट्रेडसारख्या खासगी दलाल कंपन्यांकडे गेले. पैसे गेले, रोखे बँकेच्या हाती आले नाहीत. गुन्हा २००२ मध्ये नोंदला गेला. न्यायालयाचा निकाल २२ डिसेंबर २०२३ रोजी लागला. बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष सुनील केदार यांना पाच वर्षांची शिक्षा झाली, त्याविरुद्ध ते वरच्या न्यायालयात गेले. मधे एकवीस वर्षं गेली. ज्या ठेवीदाराचे, ज्या शेतकऱ्याचे पैसे अडकले, त्याच्या आयुष्यातली ही वर्षं कोणत्या कलमानं परत मिळतात? ‘पैसे दिले, तर रोखे कुठे आहेत, मला बघू द्या,’ हा प्रश्न बँकेतल्याच एखाद्या अधिकाऱ्यानं दुसऱ्या व्यवहाराआधी विचारायचा असतो. तो कसा विचारायचा, उत्तर लेखी कसं घ्यायचं आणि उत्तर नाही आलं तर कोणाकडे जायचं, हे शिकवलं जात नाही.

अपहार शोधणाऱ्या तज्ज्ञांची एक जागतिक संघटना अमेरिकेत १९८८ मध्ये स्थापन झाली. तिच्या २०२४ च्या अहवालात जगभरातल्या १,९२१ प्रकरणांचा अभ्यास आहे. त्यातली ४३ टक्के प्रकरणं कोणीतरी दिलेल्या खबरीवरून उघडकीला आली आणि खबर देणाऱ्यांत निम्म्याहून जास्त त्याच संस्थेचे कर्मचारी होते. बाहेरच्या लेखापरीक्षणातून उघड झालेली प्रकरणं अवघी ३ टक्के. ‘ऑडिटर बघेल’ म्हणून निश्चिंत झोपणाऱ्या संचालकानं हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत. चोरी आधी दिसते ती शेजारच्या टेबलावरच्या माणसाला. त्याला काय दिसलं हे त्याला कळावं आणि ते सांगितल्यावर त्याचीच नोकरी जाऊ नये, एवढी व्यवस्था संस्थेनं करायची आहे.

ऑनलाइनवर विसंबणाऱ्यांना उत्तर द्यायला आपल्याच जिल्ह्याचं नाव पुरतं. शिक्षकांचे पगार शालार्थ प्रणालीतून होतात आणि प्रत्येकाला ओळख क्रमांक असतो. त्यामुळे बोगस माणूस पगारपत्रकात शिरणारच नाही, असं सांगितलं जात होतं. २०२५ मध्ये बोगस शालार्थ क्रमांकांचं प्रकरण फुटलं. त्यात लाखनी तालुक्यातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकाची नेमणूकच बनावट कागदांवर झाल्याचा आरोप पुढे आला, एप्रिलमध्ये नागपूर विभागाच्या शिक्षण उपसंचालकांना अटक झाली आणि विभागात असे ५८० क्रमांक असल्याचा आकडा वर्तमानपत्रांतून छापून आला. दोषी कोण ते न्यायालय ठरवील. माझा मुद्दा यंत्रणेपुरता आहे. संगणकाला माणूस खरा की खोटा हे कळत नाही, त्याला पासवर्ड बरोबर आहे की नाही एवढंच कळतं. नेमणुकीची मान्यता खरी आहे का हे तपासायचं तर आदेशावरचा जावक क्रमांक कार्यालयाच्या जावक नोंदवहीत त्याच तारखेला, त्याच क्रमानं आहे का, हे उठून जाऊन बघावं लागतं. पगारपत्रकातली नावं शाळेच्या हजेरीपत्रकाशी ताडावी लागतात. जुन्या तारखेचा आदेश आज बनवणाऱ्याला जुनी जावक नोंदवही पुन्हा लिहिता येत नाही, आणि जिथे लिहिली जाते तिथे शाई आणि ओळींमधली दाटी बोलते.

मुंबईत फोर्टमधल्या ब्रॅडी हाउस शाखेत पंजाब नॅशनल बँकेचं जे झालं, ते तर देशातल्या मोठ्या बँकेत झालं. भारतीय बँकांच्या परदेशातल्या शाखांना हमी देणारे संदेश एका प्रणालीतून जात होते आणि बँकेचे हिशेब दुसऱ्या प्रणालीत होते. दोन्हींचा मेळ कोणी घालत नव्हतं. एकच उपव्यवस्थापक वर्षानुवर्षं त्याच टेबलावर होता. २०१७ मध्ये तो निवृत्त झाला. ज्या हिरे व्यापाऱ्यासाठी या हमी जात होत्या, त्याच्या कंपन्या जानेवारी २०१८ मध्ये पुन्हा हमी मागायला आल्या, तेव्हा नव्या माणसानं शंभर टक्के रोख तारण मागितलं. ‘आजवर तर कधी लागलं नाही,’ असं उत्तर आलं आणि तिथून तेरा हजार कोटींच्या वरचा प्रकार बाहेर निघाला. प्रणाली तीच होती. माणूस बदलला आणि त्यानं नियमातला प्रश्न विचारला.

कॅमेऱ्याबद्दलही भ्रम आहे. बहुतेक यंत्रांत जुनं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जाऊन नवं भरतं. तूट महिनाअखेरीला कळते, तोवर हवा तो दिवस गेलेला असतो. जे उरतं ते कोणीतरी मोबाइलवर पुन्हा चित्रित करून व्हॉट्सअॅपवर टाकतो. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार असा पुरावा न्यायालयात द्यायचा तर विहित नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, त्यात त्या फाइलची हॅश किंमत नोंदवावी लागते. हे पहिल्या दिवशी माहीत नसलं तर पुरावा असूनही तो हातचा जातो. पोलीस येईपर्यंत काय जपून ठेवायचं, हे पोलीस येऊन शिकवू शकत नाहीत.

राहिला तो लाडका आक्षेप, की हे शिकवलं तर चोर हुशार होतील. चोराला शिकवणीची गरज आजवर कधी पडली? डोनाल्ड क्रेसी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं तुरुंगातल्या अपहार करणाऱ्यांच्या मुलाखती घेऊन १९५३ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यातून पुढे सगळीकडे शिकवलं जाणारं सूत्र निघालं. कोणाला सांगता न येणारी पैशांची अडचण, हाताशी असलेली संधी आणि स्वतःची घातलेली समजूत, की ‘मी चोरत नाही, उसने घेतोय, परत ठेवीन.’ संधी कुठे आहे हे त्या टेबलावर बसणाऱ्याला रोज दिसत असतं. दिसत नाही ते अध्यक्षाला, गटसचिवाला, मालकाला. सनदी लेखापालांच्या संस्थेनं अशा तपासासाठीची मानकं तयार केली आणि ती १ जुलै २०२३ पासून आपल्या सभासदांना बंधनकारक केली. वरच्या पातळीवर हे ज्ञान पोचलं आहे. लाखांदूरच्या सेवा संस्थेत आणि तुमसरच्या गिरणीत मात्र ते पोचू नये, असं म्हणणाऱ्यानं त्यातून कोणाचा फायदा होतो ते सांगावं.

एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. अर्धवट शिकलेला माणूस पोलिसासारखा वागू लागेल, नोकरांचा छळ करेल. ही भीती खरी आहे, आणि म्हणूनच शिक्षणाचा मोठा भाग ‘काय करायचं नाही’ याचा असला पाहिजे. नोकराला खोलीत डांबून ठेवणं हा स्वतःच गुन्हा आहे. त्याचा मोबाइल हिसकावून बघायचा नाही. धमकी देऊन किंवा आमिष दाखवून घेतलेली कबुली न्यायालयात टिकत नाही, पोलिसापुढे दिलेलीही आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. ‘मी घेतले’ असं लिहून घेतलेल्या कागदावर खूश होणारा मालक आपली बाजू बळकट करत नसतो, कमकुवत करत असतो. म्हणणं मांडायची संधी न देता नुकसान पगारातून कापायचं नाही. आरोपपत्र लेखी द्यायचं, कागद दाखवायचे, साक्षीदाराला प्रश्न विचारू द्यायचे. गावच्या ग्रुपवर नाव टाकायचं नाही. खोटं पकडणाऱ्या यंत्राची जाहिरात वाचून मोहात पडलेल्यांसाठी सांगतो, संमतीशिवाय तशी चाचणी करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये सेल्वी खटल्यात स्पष्ट केलं आहे. आणि माणसाशी बोलायचं ते सगळे कागद ताडून झाल्यावर, सगळ्यात शेवटी. ‘तू का घेतलेस?’ असं विचारायचं नाही, ‘त्या दिवशीची आवक कशी नोंदली ते मला सांगा,’ असं विचारायचं आणि गप्प बसून ऐकायचं.

आज हे काहीही न शिकलेली माणसं चौकशा करतातच. करू नका म्हणून त्या थांबणार नाहीत, कारण तूट निघाली की कोणाला तरी विचारावंच लागतं. छळ अडाणी चौकशीत जास्त होतो. ज्याचं नाव एकदा घेतलं गेलं, त्याला पुढच्या हंगामात कोणत्याच केंद्रावर काम मिळत नाही, त्याच्या मुलीच्या सोयरिकीपर्यंत ते नाव पोचतं, आणि खरा हिशेब कधी लागलाच तरी ‘त्यानं नव्हतं घेतलं’ हे सांगायला कोणी बैठक बोलावत नाही.

खर्चाचं कारणही पुढे येईल, आत्ताच उत्तर देतो. प्रत्येक खरेदी केंद्रामागे तीन माणसं घ्या, गटसचिव, एक संचालक आणि हमालांचा एक प्रतिनिधी. हा तिसरा माणूस मी आग्रहानं मागतो. तालुक्याला एका जागी बसवा. समोर खरे, नावं झाकलेले कागद ठेवा, म्हणजे बारदान्याची वही, हमालीचा पट, काट्याच्या पावत्या, चुकाऱ्याची यादी. शिकवायला सहकार खात्याचे लेखापरीक्षक, आर्थिक गुन्हे शाखेचा एक अधिकारी आणि कामगार कायदा जाणणारा एक वकील पुरे. जी.डी.सी. अँड ए. करणारी मुलं जिल्ह्यात आहेत, त्यांना सरावासाठी बोलवा. वर हिशेब केलेली एका केंद्राची तूट १ लाख ८९ हजारांची होती. सातही तालुक्यांचा हा वर्ग त्यात बसतो, आणि तो पुढची खरेदी सुरू होण्याआधी, पावसाळ्यात घेता येतो.